चौक सुधारताना या चुका टाळा: सर्कल, यू-टर्न आणि उजव्या वळणाचा हिशेब

नाशिकमध्ये पत्ता सांगताना रस्त्याचे नाव क्वचितच येते, चौकाचे येते. मुंबई नाका, द्वारका, अशोक स्तंभ, रविवार कारंजा, मायको सर्कल, पाथर्डी फाटा, गरवारे पॉइंट ही नावे उच्चारली की शहराचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि संध्याकाळी साडेसहाला वाहतूक कोठे अडलेली असेल याचाही अंदाज येतो. अडलेल्या चौकाबद्दलच्या मागण्याही ठरलेल्या असतात. एक जण सिग्नल मागतो, दुसरा सर्कल करा म्हणतो, तिसरा आहे ते सर्कल काढा म्हणतो, कोणी उजवे वळण बंद करायला सांगतो आणि शेवटी सगळे मिळून उड्डाणपूल मागतात. यांपैकी प्रत्येक उपाय कोठे ना कोठे यशस्वी झालेला आहे आणि चुकीच्या जागी बसवल्यामुळे वायाही गेलेला आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहरातील रस्त्यांकडे पुन्हा लक्ष वळले असताना या चुका लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते, कारण एकदा काँक्रीट पडले की चौकाचा आकार पुढची कित्येक वर्षे बदलत नाही.

मूळ दुखणे: उजवे वळण

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. त्यामुळे डावीकडे वळणारे वाहन कोणाचाही मार्ग छेदत नाही, सरळ जाणारे वाहन आडव्या रस्त्याला छेदते, आणि उजवीकडे वळणारे वाहन मात्र आडवा प्रवाह व समोरून येणारा प्रवाह या दोहोंना छेदते. चार रस्ते मिळणाऱ्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना भेटतात असे ३२ संघर्षबिंदू कागदावर मोजता येतात. त्यांपैकी १६ ठिकाणी मार्ग एकमेकांना छेदतात, ८ ठिकाणी मिसळतात आणि ८ ठिकाणी वेगळे होतात. छेदणाऱ्या १६ बिंदूंपैकी १२ केवळ उजव्या वळणांमुळे निर्माण होतात. सिग्नलची फेरी, म्हणजे सगळ्या बाजूंना एकेकदा हिरवा दिवा मिळायला लागणारा वेळ, लांबते तीही याच कारणाने, कारण प्रत्येक बाजूच्या उजव्या वळणासाठी वेगळा हिरवा दिवा द्यावा लागतो आणि तेवढा वेळ बाकीच्या तीन बाजू थांबून राहतात.

जगभर ज्यांना चौकाच्या पर्यायी रचना म्हटले जाते, त्या सगळ्या या बारा बिंदूंवरचे वेगवेगळे उपाय आहेत. एका लेनच्या वर्तुळाकार चौकात, म्हणजे आपल्या सर्कलमध्ये, संघर्षबिंदू ३२ वरून ८ वर येतात आणि छेदणारा बिंदू एकही उरत नाही. वाहने फक्त मिसळतात आणि बाहेर पडतात. अमेरिकेतील मिशिगन राज्याने १९६० च्या दशकापासून वापरलेल्या रचनेत चौकातील समोरचा प्रवाह छेदणारे वळण (तेथील डावे, म्हणजे आपले उजवे) बंद करून ते पुढच्या दुभाजकातील यू-टर्नवर नेले जाते, आणि तेथे बिंदू १६ उरतात. रचना कोणतीही निवडली तरी पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो की या चौकातील उजवी वळणे किती आहेत आणि नव्या रचनेत ती कोठे जाणार आहेत. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

मोजणी न करता आकार ठरवणे

चौकातून तासाला किती वाहने जातात हा आकडा बहुतेक वेळा उपलब्ध असतो. त्यांतील किती वाहने कोणत्या बाजूने येऊन कोणत्या बाजूला गेली, ही वळणनिहाय मोजणी मात्र अनेकदा झालेलीच नसते, आणि निर्णयासाठी उपयोगी पडते ती हीच. तिच्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. चौकाजवळच्या उंच इमारतीच्या गच्चीवरून कॅमेऱ्याने चित्रण करून नंतर शांतपणे मोजता येते. मोजताना ट्रक किंवा बस आणि दुचाकी यांना सारखे धरू नये. रस्त्याची जागा अडवण्याच्या दृष्टीने एक ट्रक किंवा बस मोटारीच्या दुपटीतिपटीइतकी भरते आणि दुचाकी मोटारीपेक्षा कमी भरते.

मोजणीचा दिवस निवडणे हेही विचारपूर्वक करण्याचे काम आहे. माझ्या एका मोजणीत मी मंगळवारची सकाळ निवडली होती आणि गोदाघाटाकडे जाणाऱ्या रस्त्याचे आकडे अगदी शांत दिसले. दुसऱ्याच दिवशी, बुधवारच्या आठवडे बाजारात, तोच रस्ता हातगाड्या, टेम्पो आणि पायी माणसे यांनी भरून गेलेला पाहिला आणि तो सगळा कागद पुन्हा करावा लागला. नाशिकमध्ये सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याची वेळ, शाळा सुटण्याची वेळ, द्राक्षांच्या हंगामात बंदराकडे निघणारे कंटेनर, कांद्याचे ट्रक, आणि पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वराकडे जाणाऱ्या दिंड्या या सगळ्यांचा चौकावर वेगवेगळा भार येतो. एका दिवसाच्या एका तासावरून काढलेला निष्कर्ष यांपैकी बहुतेकांना वगळून काढलेला असतो.

मोजणीबरोबर लक्षणेही नोंदवावीत, कारण सारखी दिसणारी कोंडी वेगवेगळ्या कारणांनी होते. हिरवा दिवा लागूनही रांग हलत नसेल तर दोष बहुधा या चौकात नसतो. पुढचा मार्ग अडलेला असतो, आणि तेथे उभ्या राहणाऱ्या रिक्षा, बसथांबा किंवा पुढचा सिग्नल पाहावा लागतो. रांग एकाच बाजूला आणि एकाच वेळी लागत असेल तर आकार बदलण्याआधी सिग्नलच्या वेळा तपासाव्यात. दिवसा किरकोळ घासाघासी खूप होत असेल तर लेन कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे चालकांना कळत नाही असे समजावे. दिवसभर कोंडी नसलेल्या चौकात रात्री किंवा पहाटे भीषण अपघात होत असतील, तर दोष वेगाचा असतो. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरील मिर्ची चौकात खासगी प्रवासी बस आणि मालवाहू वाहन यांची धडक होऊन बसने पेट घेतला आणि दहापेक्षा अधिक प्रवाशांचा जीव गेला. त्या वेळी तेथे वाहनांची गर्दी नव्हती. रिकाम्या चौकात दोन मोठी वाहने वेगाने एकमेकांसमोर आडवी येऊ शकतात, हे चौकाचे अपंगत्व कोंडीच्या आकड्यांत कधीच दिसत नाही.

सर्कल: मोठे म्हणजे चांगले, हा समज

सर्कलबद्दल सगळ्यात जास्त लिहिणे आवश्यक आहे, कारण नाशिकला सर्कलची सवय जुनी आहे आणि गैरसमजही तितकेच जुने आहेत. रविवार कारंजा, पंचवटी कारंजा अशा नावांत चौकाच्या मध्यभागी असलेली वस्तूच चौकाची ओळख बनून राहिलेली आहे. मध्ये काहीतरी बांधले आणि वाहने त्याच्याभोवती फिरू लागली की सर्कल झाले, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात सर्कल चालते ते तीन गोष्टींवर: आत शिरणाऱ्याने आतल्याला वाट देणे, शिरताना वेग आपोआप कमी होणे, आणि बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा असणे.

वाट देण्याचा नियम हा या रचनेचा प्राण आहे. ब्रिटनमध्ये वर्तुळाकार चौक पूर्वीपासून होते, पण शिरणाऱ्याला प्राधान्य मिळत असल्यामुळे गर्दीच्या वेळी ते आतून जाम होत असत. आत आलेली वाहने बाहेर पडण्याआधीच नवी वाहने शिरत, बाहेर पडण्याची तोंडे त्यांनी अडत, आणि कोणालाच हलता येत नसे. १९६६ मध्ये तेथे वर्तुळात फिरणाऱ्या वाहनाला प्राधान्य देण्याचा नियम झाला आणि त्यानंतर छोट्या सर्कलचा उपयोग झपाट्याने वाढला. फ्रान्सने हाच बदल १९८० च्या दशकात केला. आपल्याकडे सर्कलमध्ये घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरावे लागते, म्हणजे शिरणाऱ्या चालकाच्या दृष्टीने आतले वाहन नेहमी त्याच्या उजवीकडून येते. उजवीकडे पाहा, कोणी येत असेल तर थांबा, मोकळी जागा मिळाली की शिरा, एवढेच शिकवायचे असते. हे न शिकवता बांधलेले सर्कल पहिल्याच संध्याकाळी जाम होते आणि दोष सर्कलच्या नावावर लागतो. शिरण्याच्या रेषेवर वाट देण्याची तुटक रेघ आणि उलट्या त्रिकोणाचा फलक नसेल, तर चालकाला हा नियम आठवण्याचे काही कारणच उरत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. जुन्या पद्धतीची मोठी सर्कल वाहनांनी न थांबता, वेगाने, एकमेकांत गुंफत जावे या कल्पनेने आखलेली असत, आणि म्हणून व्यास जितका मोठा तितके चांगले असे मानले जाई. आधुनिक सर्कलची कल्पना याच्या बरोबर उलट आहे. एका लेनच्या सर्कलचा बाहेरचा व्यास साधारण ३० ते ५० मीटर पुरतो, आणि शिरण्याचा रस्ता मुद्दाम असा वळवलेला असतो की चालकाला ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या वर जाता येऊ नये. वेग ६० वरून ३० वर आला की धडकेतील ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते, आणि आडवी धडक राहत नाही, झालीच तर तिरपी घासाघासी होते. अमेरिकेत वीसहून अधिक चौकांचे आधुनिक सर्कलमध्ये रूपांतर केल्यावर झालेल्या अभ्यासात माणसे जखमी होणारे अपघात सुमारे तीन चतुर्थांशांनी कमी झाल्याचे आढळले. हा लाभ गोल आकाराचा नसून शिरतानाच्या वळणाचा आहे. मध्ये मोठे बेट आहे पण शिरणारा रस्ता सरळ बेटाच्या कडेने निघून जातो, अशी रचना असेल तर चालक वेग कमी करत नाही आणि सर्कल असूनही अपघात होतच राहतात. नकाशावर पट्टी ठेवून पाहावे: येणाऱ्या रस्त्यापासून समोरच्या रस्त्यापर्यंत सरळ रेघ बेटाला न लागता निघत असेल, तर ते सर्कल वेग रोखणार नाही.

तिसरी गोष्ट बाहेर पडण्याची, आणि नाशिकमधील अनेक सर्कलचे दुखणे माझ्या मते येथेच आहे. बाहेर पडणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी रिक्षा उभ्या असतात, त्यांच्या मागे बसथांबा असतो, त्याच्या पुढे फळांच्या गाड्या असतात. दोन लेनची एक लेन झाली की बाहेर पडणारी रांग उलटी सर्कलमध्ये शिरते आणि पुढच्या तोंडाला अडवते. हे पाहून सर्कल लहान करायची किंवा काढायची मागणी होते, जेव्हा खरे काम रिक्षा आणि बसथांबा तोंडापासून पुढे हलवण्याचे असते. रिक्षाचालकांना हाकलून देऊन हे टिकत नाही. प्रवासी जेथे मिळतात तेथे ते परत येतात. त्यांच्यासाठी पुढे आखलेली, पदपथाला लागून असलेली, प्रवाशांना सहज दिसणारी जागा करावी लागते.

सर्कल सगळीकडे चालत नाही हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९७६ च्या शिफारशींत सगळ्या बाजूंनी मिळून तासाला सुमारे ३००० वाहने ही सर्कलची वरची मर्यादा मानली होती. २०१७ मध्ये त्या मार्गदर्शक सूचना सुधारण्यात आल्या. आकड्याइतकेच महत्त्व प्रवाहांच्या समतोलाला आहे. एका बाजूने अखंड लोंढा येत असेल तर त्याच्या पुढच्या तोंडावर थांबलेल्यांना शिरायला फटच मिळत नाही. अशा ठिकाणी गर्दीच्या वेळेपुरता त्या लोंढ्यावर सिग्नल ठेवून मधूनमधून फट पाडावी लागते. मात्र सर्कलवर सिग्नल बसवताना चारही तोंडांवर सरसकट बसवू नयेत. सिग्नलपाशी थांबणारी रांग सर्कलच्या आतल्या तुकड्यात मावली नाही, तर सर्कल आणि सिग्नल दोघेही एकमेकांना निकामी करतात. हाताने वाहतूक नियंत्रित करतानाही हीच काळजी घ्यावी लागते. एका बाजूला तीन-चार मिनिटे सलग सोडले की वाट देण्याचा सगळा क्रम मोडतो आणि बाकीच्या बाजूंच्या रांगा मागच्या चौकापर्यंत जातात.

राहिल्या काही छोट्या पण नेहमी विसरल्या जाणाऱ्या गोष्टी. लांब ट्रेलरचे मागचे चाक आतून कापत जाते, म्हणून बेटाभोवती थोडा उंच, चढता येईल असा फरसबंदीचा पट्टा ठेवावा. तो नसेल तर ट्रेलर बेटाची कड तोडतो किंवा बाहेरच्या दुचाकीला दाबतो. बेटाचा मध्यभाग उंच असलेला चांगला, कारण समोरचा रस्ता दिसला नाही की चालक आपोआप सावकाश येतो, पण बेटाच्या कडेची झाडी गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नये आणि जाहिरातीचा फलक तेथे अजिबात नको, कारण उजवीकडून येणारी दुचाकी त्यामागे लपते. मध्यावर माणसांना बोलावणारे बाक किंवा फोटोची जागा करू नये. जागा अगदीच कमी असेल, जुन्या गावात असते तशी, तर १५ ते २५ मीटर व्यासाचे छोटे सर्कल, ज्याच्या मधल्या उंचवट्यावरून बसला गरज पडल्यास चाक नेता येते, पुरेसे ठरते.

यू-टर्न: अंतर आणि रुंदी चुकणे

चौकातील उजवे वळण बंद करून पुढे यू-टर्न देणे हा सध्या सगळ्यात लोकप्रिय उपाय आहे, कारण त्याला खर्च कमी लागतो: दुभाजक बंद करायचा, पुढे एक तोडायचा. सिग्नलच्या टप्प्यांची संख्या त्यामुळे खरोखर कमी होते आणि सरळ जाणाऱ्यांना जास्त वेळ मिळतो. पण येथे दोन हिशेब करावे लागतात आणि ते क्वचितच केले जातात.

पहिला अंतराचा. मिशिगनमध्ये हा यू-टर्न चौकापासून साधारण २०० मीटरवर ठेवतात. चालकाला २०० मीटर पुढे जाऊन तेवढेच परत यावे लागले तर ताशी ३० किलोमीटर वेगाने त्याला सुमारे ४८ सेकंद लागतात, जे लांब फेरीच्या सिग्नलवर थांबण्यापेक्षा कमी आहेत. हाच यू-टर्न ८०० मीटरवर असेल तर तीन मिनिटांहून अधिक वेळ जातो, आणि मग दुचाकीस्वार सर्व्हिस रोडवरून उलट्या दिशेने येऊ लागतात. त्यांना बेशिस्त म्हणणे सोपे आहे, आणि उलट येणे धोकादायक आहे यात शंका नाही, पण रोज शेकडो माणसे एकच चूक करत असतील तर रचनेकडे पाहिले पाहिजे. याउलट यू-टर्न चौकापासून अगदी जवळ, ५०–६० मीटरवर असेल, तर डावीकडून रस्त्यावर आलेल्या वाहनाला तेवढ्या अंतरात सगळ्या लेन ओलांडून उजव्या कडेला जावे लागते, आणि आधी चौकात होणारी कोंडी तिरप्या रांगेच्या रूपाने पुढे सरकते.

दुसरा हिशेब रुंदीचा. एका बाजूला साडेतीन मीटरच्या दोन लेन आणि मध्ये सव्वा मीटरचा दुभाजक असा रस्ता घ्या. दुभाजकालगतच्या लेनमधून वळणाऱ्या वाहनाला स्वतःची लेन, दुभाजक आणि पलीकडच्या दोन लेन मिळून पावणेबारा मीटर मिळतात. १२ मीटर लांबीच्या बसला पूर्ण वळण्यासाठी सुमारे २४ मीटर लागतात. म्हणजे ती एका दमात वळूच शकत नाही. ती मागेपुढे करते आणि तेवढा वेळ दोन्ही बाजू बंद पडतात. उपाय असा की पलीकडच्या कडेला रस्ता फुगवून वळणापुरती जादा जागा द्यावी, किंवा अवजड वाहनांसाठी वेगळे, पुढचे वळण राखून ठेवावे आणि जवळच्या यू-टर्नवर फक्त हलक्या वाहनांना मुभा द्यावी. शिवाय वळणाआधी थांबण्याची स्वतंत्र लेन हवी. ती नसेल तर यू-टर्नसाठी थांबलेली तीन वाहने वेगाची लेन बंद करतात, आणि रात्री भरधाव येणारे वाहन त्यांच्यावर मागून आदळते.

मुंबई–आग्रा महामार्गावरील उड्डाणपुलाखाली नाशिककरांना हे सगळे एकत्र पाहायला मिळते. सर्व्हिस रोड, उड्डाणपुलाचे चढ-उतार आणि खालून आडवे जाणारे रस्ते, जसा इंदिरानगरचा बोगदा, हे तिन्ही काही मीटरच्या आत एकमेकांना भेटतात. अशा ठिकाणी खांबांमागून येणारे वाहन दिसत नाही हा मूळ दोष असतो. तेथे यू-टर्न देताना थांबारेषा खांबाच्या पुढे, चालकाला दोन्ही बाजू दिसतील अशी आणणे हे पहिले काम आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणाऱ्या वाहनाला थांबायला सुमारे ३० मीटर आणि ५० ने येणाऱ्याला सुमारे ६० मीटर अंतर लागते असे आपल्याकडील रस्त्यांचे मानक धरते. तेवढे अंतर खांबाआडून दिसत नसेल तर वळण तेथे ठेवू नये.

परदेशी आराखडा आरशात न पाहता उचलणे

इंटरनेटवर दिसणारे बहुतेक आराखडे अमेरिकेतील असतात आणि तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तेथील डावे वळण म्हणजे आपले उजवे. आराखडा आरशातल्यासारखा उलटा करून घेतला नाही तर फलक, बाण आणि सिग्नलचे टप्पे सगळेच चुकतात. २००९ मध्ये मिझुरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे झालेली हिऱ्याच्या आकाराची अदलाबदल रचना (डायव्हर्जिंग डायमंड), ज्यात पुलावर दोन्ही दिशांची वाहतूक काही अंतर एकमेकांच्या बाजू बदलून चालते, ही महामार्गाच्या चढ-उतारांपाशी फार उपयोगी आहे. पण लेन पाळली जात नाही आणि उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी नेहमीच्या आहेत अशा ठिकाणी ती आजच आणणे मला योग्य वाटत नाही. नेदरलँड्समध्ये १९९६ मध्ये सुचलेली टर्बो सर्कलची कल्पना मात्र विचार करण्यासारखी आहे. त्यात कोणत्या लेनने कोठे बाहेर पडायचे हे शिरण्याआधीच ठरते आणि आत लेन बदलावी लागत नाही. आपल्याकडे ती आणताना लेन वेगळी करणारी उंच कड टाळावी आणि ठळक पट्टे वापरावेत, कारण पावसात न दिसणारी ती कड दुचाकीला पाडेल.

फ्री लेफ्ट आणि पायी चालणारे

डावीकडचे मोकळे वळण जितके रुंद आणि गोलाकार, तितक्या वेगाने वाहन त्यातून जाते आणि तितका पायी जाणाऱ्याचा धोका वाढतो. ते वळण काटकोनाजवळ आणावे, मध्ये त्रिकोणी बेट द्यावे, आणि झेब्रा पट्टा पदपथाच्या पातळीला उचलून घ्यावा, म्हणजे तो गतिरोधकाचेही काम करतो. सरळ जाणाऱ्यांची रांग डाव्या वळणाचे तोंड अडवत असेल तर वळण मोकळे ठेवूनही काही साधत नाही. तेथे वेगळी लेन किमान पाच-सहा मोटारींच्या लांबीची हवी.

पायी चालणाऱ्यांचा हिशेब सेकंदांत करावा. २१ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला निरोगी माणसाला, सेकंदाला १.२ मीटर धरून, साडेसतरा सेकंद लागतात. म्हाताऱ्या माणसाला किंवा लहान मूल हाताशी असलेल्या बाईला २१ हून अधिक. सिग्नल तेवढा वेळ देत नसेल तर मध्ये थांबायला दीड-दोन मीटर रुंदीचे सुरक्षित बेट द्यावे, म्हणजे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. सर्कलमध्ये झेब्रा पट्टा शिरण्याच्या रेषेला चिकटवू नये, एका मोटारीच्या लांबीइतका, सुमारे सहा-सात मीटर, मागे घ्यावा, म्हणजे चालक आधी माणसाकडे आणि मग सर्कलकडे पाहतो. भुयारी मार्ग खोदून वरचा रस्ता बंद करणे हा उपाय अंधार, पाणी आणि पायऱ्या यांच्यामुळे बहुधा फसतो. यू-टर्नसाठी दुभाजक बंद करताना पायी जाणाऱ्यांसाठी फट ठेवली नाही, तर माणसे दुभाजक चढून ओलांडतात. रामकुंडाकडे जाणारी वयस्क माणसे पाचशे मीटर फिरून येतील अशी अपेक्षा ठेवणेच चुकीचे आहे.

प्रयोग आणि त्यानंतर

कायम बांधकामाआधी ड्रम, बॅरिकेड आणि वाळूच्या गोण्या ठेवून प्रयोग करणे हे उत्तम. चूक होते ती प्रयोगाला शेवटची तारीख नसण्यात. गोण्या फाटतात, ड्रमवरचे चकाकणारे पट्टे निघतात, बॅरिकेड सरकत जाते, आणि वर्षभराने रात्री दिव्याखेरीज उभे असलेले तेच साहित्य अपघाताचे कारण बनते. प्रयोग दोन ते तीन आठवड्यांचा असावा, त्यात शाळेचे दिवस, बाजाराचा दिवस आणि शक्य असेल तर पाऊस यावा, आणि पहिल्या चार दिवसांच्या गोंधळावरून निकाल देऊ नये, कारण रोजचे वाटसरू नवा मार्ग शिकायला तेवढा वेळ घेतात. आधीच्या दोन चौकांपासून मराठीत ठळक फलक लावावेत. सर्कल किंवा यू-टर्न काळ्या रस्त्यावर पुसट पट्ट्यांनी आखलेला असेल तर पहिल्या पावसात तो दिसेनासा होतो. पट्टे, कॅट आय (रस्त्यात बसवलेले, दिव्यात चमकणारे खुंट) आणि पाण्याचा निचरा यांवर खर्च न करता केलेला प्रयोग रचनेचा प्रयोग राहत नाही.

मोजणी प्रयोगाआधी ज्या गच्चीवरून, ज्या वारी आणि ज्या तासांत केली, त्याच गच्चीवरून, त्याच वारी, त्याच तासांत पुन्हा करावी. रांगेची लांबी, ओलांडायला लागलेला वेळ, आणि अपघात झाला नाही पण करकचून ब्रेक लावावा लागला असे प्रसंग, हे तीनही आकडे लिहावेत. याच्याबरोबर एक मोजणी पुढच्या चौकातही केली पाहिजे, आणि ही बहुतेक ठिकाणी राहून जाते. द्वारका मोकळी झाली तर पुणे रस्त्यावरील फेम सिग्नल आणि उपनगरकडे वाहने पूर्वीपेक्षा मोठ्या गठ्ठ्याने पोहोचतील; मुंबई नाका सुटला तर त्याचा भार त्र्यंबक नाक्याकडे किंवा पाथर्डी फाट्याकडे जाईल. एका चौकातील रांग शंभर मीटरने कमी झाली आणि पुढच्या चौकातील दीडशे मीटरने वाढली असेल, तर आराखडा दोन्ही चौक एकत्र धरून नव्याने करावा, आणि दोन्हींच्या सिग्नलच्या वेळा एकमेकांना जुळवूनच काँक्रीटचे काम सुरू करावे.